बायसवरचा ठिपका

दुरुस्तीच्या दुकानात मी माझा रेडिओ मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्या पुढे एक नवरा-बायको होते आणि मेकॅनिकच्या टेबलावर नवऱ्याचा गिटारचा अँप उघडा पडला होता.

"दोन्ही पॉवर ट्यूब जळाल्यात, साहेब. ट्यूबचा करंट ठरवणारा बायसचा स्क्रू कोणी फिरवला?"

"मी कशाला फिरवीन?"

"नव्या लावून बघितल्या, तर करंट दुप्पट जातोय. मी मोजून ठेवला होता."

"सरकला असेल आपोआप. वाजवताना हादरे बसतात."

"वहिनी, वाजताना ट्यूबचे पत्रे लालबुंद झाले होते का?"

"झाले होते की! यांनी घरातले दिवे घालवून आम्हाला दाखवले. सासूबाईंना तर समोर खुर्ची टाकून बसवलं होतं."

"अगं, पण सूर काय लागला होता त्या दिवशी!"

"विझताना दिवा मोठाच होतो, साहेब."

"अहो, पण स्क्रू हलू नये म्हणून तुम्ही लावलेला रंगाचा ठिपका बघा ना. फिरवला असता तर तडकला नसता?"

"ठिपका आहे. पण मी लाल लावतो. हा गुलाबी आहे."

"जुना झाला की रंग उतरतो."

"आणि चमकतोय."

"अहो! म्हणजे माझी नेलपॉलिशची बाटली तुम्ही घेतलीत? आणि मी आठवडाभर नणंदेवर संशय घेतेय!"

"जाऊ दे गं. भाऊ, शनिवारी कार्यक्रम आहे. बायस तुम्ही म्हणाल तेवढाच ठेवा, माझं काही म्हणणं नाही. फक्त या वेळी ठिपका कुठल्या रंगाचा लावणार?"

"वहिनी, साहेबांना जरा बाहेर बसवता का?"