तिघांचा तांदूळ

नव्या पाद्र्याची बायको सनजू परवाच कोरियातल्या या गावात आली होती, तिला अजून कुणी ओळखत नव्हतं. बाजारातून ब्रेड घेऊन ती बसमध्ये बसली. पुढच्या सीटवर दोन म्हाताऱ्या जावा होत्या, मांडीवर चर्चला द्यायच्या तांदळाच्या पिशव्या घेऊन.

"जाऊबाई, घरात तुम्ही एकट्या. मग पिशवी माझ्यापेक्षा जड कशी?"

"भाताला तांदूळ घेतला की माणशी एक चमचा देवाचा काढायचा. तसाच काढते."

"पण माणूस एकच आहे ना."

"तीन."

"तुमचा मुलगा सांगचोल तर तिकडे सोल शहरात असतो."

"तिथे तो काढत नसणार. म्हणून मी काढते."

"आणि भाऊजी? त्यांना जाऊन चार वर्षं झाली."

"जिवंत होते तोवर एक दाणा काढू दिला नाही. पाद्र्याला पोसायला शेती करतो का, म्हणायचे. आता रोज फोटोकडे बघून विचारते. नाही म्हणत नाहीत."

"मग तुम्ही काय जेवता?"

"उरतं ते. एकटीला असं किती लागतं."

"नवी पाद्रीणबाई शहरातली आहे म्हणे. ब्रेडच खाते."

"भात खाऊन बघेल तेव्हा कळेल तिला."

सनजूने ब्रेडची पिशवी पायाने सीटखाली सरकवली.

थोरली मागे वळली. "पोरी, कुठे उतरणार?"

"चर्चपाशी."

"मग उतरताना ही पिशवी धर, माझे गुडघे धड नाहीत. जपून घे, तिघांचं आहे त्यात."