वोयिनची घाई

बेलग्रेडच्या ट्राममध्ये रादमिलाबाईंच्या पुढच्या बाकावर बँडमधली दोन पोरं वारलेल्या मित्राच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीचे गोड गहू खात बसली होती.

“प्रोड्यूसर नोवी साद शहरातलाच घेऊ. गाण्यातली ती टकटक त्याने पुसून दिली.”

“मला पांचेवोचा हवा, रास्तको. त्याने विचारलं, तुमचा ड्रमर जरा घाई करतो का?”

“ड्रम घातलेच कुठे? वोयिन गेल्यावर रेकॉर्ड केलं आपण.”

“तेच सांगितलं. तर म्हणे, मग वाजवतंय कोण?”

“चाळिसाव्याआधी वाजवू नका, असं वोयिनची आई सांगत होती.”

“आता तुझं एक मत, माझं एक. तिसरं वोयिनचं असायचं. ठरवायचं कुणी?”

रादमिलाबाईंच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बोटं वाजली. टकटक, टकटक, जरा घाईनेच.

मागे वळून कुणीच पाहिलं नाही.

“पांचेवोचा घेऊ,” रास्तको म्हणाला.