भाडेपुस्तकावरची सही

नाव: गेनर थॅकर. वय: ५२ वर्षे. व्यवसाय: शाळेच्या स्वयंपाकघरात वाढपी. राहणार: ११, मिल लेन, ग्रँथम, वरची मागची खोली.

मी समक्ष हजर राहून सांगते की, सर्वप्रथम या खुर्चीची नोंद व्हावी. तिचा एक पाय आखूड असून दुपारी तीनपासून मी डुलते आहे. हवालदार पिकर्सगिल यांना दोनदा सांगितले. त्यांनी पायाखाली घालायला चोरांपासून सावध राहण्याचे पत्रक दिले.

वरील घर माझ्या सासूबाई एनिड थॅकर, वय ८२, यांचे आहे. माझा नवरा क्लाइव्ह नऊ वर्षांपूर्वी हवापालटासाठी स्पेनला गेला, तो अजून हवा पालटतोच आहे. मी भाडेकरू म्हणून तिथेच राहिले. दर शुक्रवारी भाडे देते, सासूबाई पुस्तकात लिहितात.

स्टेशनमागच्या नव्या इमारतीत मी एका घराचा चौथा हिस्सा घेत आहे. उरलेले तीन हिस्से इमारत बांधणाऱ्या गृहसंस्थेचे, त्यांचे भाडे भरायचे. नळ गळला तर मात्र चारही हिस्से माझे. आगाऊ भरायला माझ्याकडे काही नाही. वर्षभर भाडे न थकवणाऱ्याला एक बँक हिश्श्याचे पूर्ण कर्ज देते. त्यासाठी भाडेपुस्तक आणि त्यावर घरमालकिणीची सही लागते. ते गृहसंस्थेच्या कचेरीत द्यायची मुदत आज दुपारी एकपर्यंत होती. नंतर घर यादीतल्या पुढच्या माणसाला.

सही मी तीन आठवडे मागत होते. सासूबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

"हात बरा होऊ दे," म्हणायच्या.

"आई, ते लोक हातासाठी थांबत नाहीत."

"पाव घर म्हणजे काय गं? न्हाणीघर आणि अर्धा जिना!"

काल चहाच्या वेळी म्हणाल्या, "मग वर खोकणार कोण?"

मी म्हटले, "शेजारचे डिलवर्थ खोकतात की. भिंतीला कान लावा."

हे वाक्य खोडता येत असल्यास खोडावे.

आज सकाळी पुस्तक जागेवर नव्हते. ते पावाच्या डब्यात सापडले. पावणेबाराला मी ते घेऊन निघाले. बारा चाळीसला गृहसंस्थेच्या कचेरीत दिले. मधल्या वेळात बसथांब्यावर बसले होते. माझ्याजवळ पेन होते.

सासूबाईंनी पुस्तक चोरीला गेल्याची तक्रार केल्यावरून मला इथे आणले, पुस्तकही मागवले. सही खोटी ठरली तर घर जाईल व खटला होईल, असे मला समजावण्यात आले. मग हवालदारांनी सासूबाईंना आत बोलावले.

"मिसेस थॅकर, ही सही तुमची?"

सासूबाईंनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिले. माझ्याकडे पाहिले नाही.

"माझीच."

"हात प्लास्टरमध्ये असताना?"

"डाव्या हाताने केली. शाळेत छड्या मारून सोडवलेली सवय आहे ती. तुमच्या उजव्यापेक्षा अक्षर बरं आहे. आणि चोरीबिरी काही नाही. विसरले मी. म्हातारी आहे, लिहा तसं."

तक्रार त्यांनी मागे घेतली. सहीबाबत मला वेगळे काही सांगायचे नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. सांगितला तसाच उतरला आहे. सही करण्यापूर्वी मी परवानगी घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेल्या सासूबाईंकडे गेले. खिडक्या पुसणाऱ्याला माझ्या खिडकीचे चार पौंड त्यांनी माझ्या वतीने दिले होते, ते फेडायचे राहिले होते; ते त्यांच्या डाव्या हातावर ठेवले. त्यांनी मूठ मिटली. मोजले नाहीत.