नायलॉन नको!

हसू नका, पण नेरुळात राहून आमच्या ह्यांना बर्फात स्की करायचं वेड होतं. नुसतं उतरायचं नाही, आधी स्कीवरूनच डोंगर चढायचा! त्यासाठी स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात, हे मला भांडणानंतर कळलं.

घरी नवीनच फोन आला होता. हे मनालीच्या मित्राशी ओरडून बोलत होते, मी आत कोलंबी सोलत होते.

"नायलॉन नको रे, माहेर! माहेरच बरं! पुढे मस्त सरकतं, मागे येत नाही!"

मी कोलंबीच्या हातानेच सुटकेस काढली. फोन ठेवून हे बघतात तर मी साड्या भरतेय.

"कुठे निघालीस?"

"साताऱ्याला. माहेरच बरं ना? मागे येतच नाही आता."

ह्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, माहेर नाही, मोहेअर! बकरीची लोकर! स्कीच्या पट्टीला असते."

"मग नायलॉन का नको?"

"ते फार घट्ट धरतं गं. पुढे सरकूच देत नाही."

मी साड्या परत कपाटात ठेवल्या आणि म्हटलं, "मग मी नायलॉनच. आता बघतेच, मनालीला कसे सरकता ते."