इनोनं पाळण्यात काय सांगितलं

मंडळी, एक विचारतो. आपण एखादीला खोटारडी म्हटलं, ती त्या दुःखात मेली आणि मागाहून कळलं, ती खरं बोलत होती! आता माफी कुणाची मागायची? राखेची?

गोष्ट ग्रीस देशातली. थीब्ज नगराच्या राजाच्या लेकींपैकी दोघी, थोरली इनो, धाकटी सेमेली. सेमेली लग्नाआधी गरोदर राहिली. इनोनं विचारलं, "कुणाचं गं?"

"ताई, झ्यूसचं!"

झ्यूस म्हणजे तिथला देवांचा राजा! हातात वीज घेऊन फिरणारा! इनो हसली. हसली ती हसली, पाणवठ्यावर बायकांनाही सांगून आली! — मागच्या माऊली, मान का खाली घातली? मी ग्रीसचं सांगतोय!

सेमेलीच्या जिवाला लागलं. झ्यूसला म्हणाली, "खऱ्या रूपात ये. ताईची खात्री पटू दे!" आला — विजेसकट आला! सेमेली जळाली. इनो रडली, पण मनात म्हणाली, खोटं बोलली म्हणून देव कोपला.

तीन महिन्यांनी दारात देवांचा जासूद उभा, हर्मिस. जोड्यांना पंख, कुशीत तान्हं!

"सेमेलीचा मुलगा. तुम्ही मावशी ना?"

"अहो, ती जाऊन तीन महिने झाले! हा तर कालचा दिसतोय!"

"कालचाच. आगीतून बापानं काढला, दिवस भरले नव्हते. मग स्वतःची मांडी चिरून आत ठेवला, टाके घातले. काल उसवले."

"म्हणजे बाळंत कोण झालं?"

"बाप!"

"मग डिंकाचे लाडू कुणाला धाडू?"

"ते मला सांगितलेलं नाही. लंगडतोय मात्र."

हसताय? इनो हसली नाही. तिला काहीच उमजेना. एवढंच उमजलं — पोर खरं, तर बहीण खरी! मग तिला आगीत कुणी लोटलं?

"झ्यूसची राणी हेरा याच्या जिवावर उठलीय," हर्मिस म्हणाला. "मुलगी म्हणून वाढवा. कुणाचा, ते बोलू नका."

घेतलं तर हेराचा कोप. नाही घेतलं, तर बहीण दुसऱ्यांदा मेली! इनोनं हात पुढे केले.

परकर नेसवला, कान टोचले, बाराव्या दिवशी पाळणा बांधला. — तिकडे बारसं असतं का, ठाऊक नाही. आपल्याकडे आलेलं बाळ आपल्याच पाळण्यात! — बायका म्हणाल्या, "नाव ठेवायला आत्या कुठाय?" आता झ्यूसची बहीण कोण? हेराच! देवांत बहीणच बायको — मला विचारू नका, माझंही डोकं चालत नाही! जी जीव घ्यायला टपलेली, तीच आत्या!

इनोच वाकली. पाणवठ्यावरच्या त्याच बायका कान टवकारून उभ्या. तिनं बाळाच्या कानाला तोंड लावलं, "तुझी आई खरी होती रे. खोटी मी!" मग कानातच खरं नाव सांगितलं, डायोनिसस.

पोर मोठं झालं. द्राक्षं पिळून जगाला मद्य दिलं, देव झालं! देशोदेशी मान मिळाला, आणि गेलं कुठं? पाताळात, मेलेल्यांच्या मुलखात! आईला हाताला धरून वर आणलं, देवांच्या पंगतीला बसवलं. कानात पडलेलं पहिलं वाक्य विसरलं नाही!

त्याचं मद्य पोटात गेलं की माणूस खरं बोलतो, म्हणे. — प्यायला सांगत नाही हो! शुद्धीवर असतानाच बोला! इनोला बहीण सापडली नाही, पाळण्यापाशी बोलावं लागलं. तुम्ही जिला हसलात, ती अजून चार घरं पलीकडे राहते ना? मग उठा. भजनाला थांबू नका. टाळ मी एकटा वाजवीन!