भाजीच्या कप्प्यातले हायड्रा

मैथिली : आई, खिडकीतली माझी बरणी कुठेय?

मंदाकिनी : फ्रिजमध्ये. भाजीच्या कप्प्यात.

मैथिली : फ्रिजमध्ये?

मंदाकिनी : अगं, तू डोंबिवलीला माहेरी, मी चिपळूणला. पंधरा दिवस घर बंद. उघड्यावर ठेवलं की मुंग्या लागतात.

मैथिली : त्यात हायड्रा आहेत, आई. जिवंत. तीन वर्षांची पीएचडी आहे माझी त्या बरणीत. सोमवारी सलिल सरांना दाखवायचेत.

मंदाकिनी : अगंबाई. मेले का गं? जायच्या आधी मीच त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ किडे घालत होते.

मैथिली : संध्याकाळी पण? मी दिवसातून एकदाच घालायला सांगितलेलं.

मंदाकिनी : घरातल्याला एक वेळ जेवायला घालायचं? मला नाही जमत.

मैथिली : तरीच नुसत्या कळ्या फुटत होत्या. पोट भरलेलं असलं की हायड्राला जोडीदार लागत नाही. अंगावरच पिल्लू उगवतं, सुटतं. हुबेहूब आईसारखं.

मंदाकिनी : बाळंतपण नाही, बारसं नाही. बरंय की.

मैथिली : मला अंडी हवी होती. सर म्हणालेले, कळ्या सगळ्यांनी पाहिल्यात, अंडी दाखव, नाहीतर थिसिस पुढे जाणार नाही. ते भिंग द्या जरा.

मंदाकिनी : घे. काय दिसतंय? बोल की बाई.

मैथिली : जिवंत आहेत. याच्या अंगावर फोड आलेत, म्हणजे हा नर. आणि हिला… आई, अंडं आहे.

मंदाकिनी : गारठ्यात?

मैथिली : गारठा पडला, उपास घडला की काही जातींना अंडी येतात. मला माहीत होतं. मरतील म्हणून माझीच छाती होत नव्हती.

मंदाकिनी : हे उलटंच. हाल चाललेत आणि पोरं कसली काढतात?

मैथिली : कळीतून येतं ते आईसारखंच. आईला सोसलं नाही ते त्यालाही सोसत नाही. दोघांचं मिळून झालेली पिल्लं वेगवेगळी निघतात. त्यातलं एखादं तरी तगतं.

मंदाकिनी : शहाणे आहेत हो. बघू मला. अय्या, केवढंसं ते.

मैथिली : रडताय काय?

मंदाकिनी : आनंद झाला गं. मगाशी वाटलं, सुनेची तीन वर्षं मी मातीत घातली.

मैथिली : आता थिसिसमध्ये लिहावं लागेल, गारठा कुणी दिला ते. आभारात तुमचं नाव घालते.

मंदाकिनी : माझं? नववीनंतर कुठल्या वहीवर आलं नाही ते. नीट अक्षरात लिही हं.