ताटकळलेले रुग्ण: शून्य

नाही हो आजोबा, तुमची फाइल हरवलेली नाही, आणि ओरडू नका, त्रास तुमच्या डोळ्याला आहे, माझ्या कानाला नाही — बसा, ती खुर्ची डुगडुगते, भिंतीकडे सरका. तुमच्या मोतीबिंदूला तारीख का मिळाली नाही ते सांगते, तेवढ्यात प्रिंटर गरम होईल. या कॉम्प्युटरात हॉस्पिटलचे सगळे पेशंट आहेत. रोज सकाळी माझा प्रोग्राम त्याला एक प्रश्न विचारतो — सहा महिन्यांच्या वर कोण ताटकळलंय? या प्रश्नाला आमच्यात क्वेरी म्हणतात, ती एकदा लिहून नाव देऊन ठेवायची, मग प्रोग्राम नुसती नावाने हाक मारतो. हिचं नाव 'सहा महिने ताटकळलेले'. उत्तरात जी माणसं येतील त्यांना डॉक्टर तारखा देतात. सोपं आहे ना? कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या मुलीला कळतं म्हणजे सोपंच.

पण साहेबांना नाही कळलं! तीस वर्षं नोकरी, तीन पदव्या — त्या काय भिंतीवर, वाकड्या टांगलेल्या. 'ताटकळलेले' हा शब्द शोभत नाही म्हणे. माणसं ताटकळलेली चालतात, शब्द चालत नाही. बसले आणि स्वतःच्या हाताने नाव बदललं — 'प्रतीक्षाधीन मान्यवर रुग्ण'. सांगितलं कुणाला? कुणालाच नाही. मोठी माणसं सांगत नसतात, ठरवतात. दुसऱ्या दिवशी प्रोग्रामने जुन्या नावाने हाक मारली, त्या नावाची क्वेरी जागेवरच नाही — आणि छापून आलं, ताटकळलेले रुग्ण: शून्य. तीन महिने! बाहेर बाकावर बसायला जागा नाही आणि कागदावर शून्य, एकाला तरी खटकावं? छे. साहेबांनी केक कापला. मलाही दिला, क्रीमचं फूल असलेला तुकडा — खाल्ला मी, खोटं कशाला बोलू.

आमच्या घरीही हेच. मी कॉलेज सोडलं, बाबा नातेवाइकांना फोन करून मोकळे — 'तिला शिकायचंच नाही.' मला विचारलं कुणी? आत्या तर मला 'अर्धवट' म्हणते, प्रेमाने म्हणे. विचारायचंच नाही, आणि उत्तर आलं नाही म्हणजे 'नाही' धरायचं — ही सगळी तुमच्या पिढीची — हसताय काय, तुम्ही पण त्यातलेच.

तर काल तुम्ही चौथ्यांदा आलात. माणूस समोर बसलाय आणि यादी म्हणते, असा कुणी नाहीच. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. एक ओळ घातली — आधी बघ, या नावाची क्वेरी आहे का, नसेल तर थांब, शून्य छापू नकोस, बोंब मार. आज सकाळी चालवलं — काय बोंब मारली, लाल अक्षरांत! नवं नाव घातलं, आली एकेचाळीस माणसं. तुम्ही सातवे. डॉक्टरीणबाईंनी तारखा दिल्या, चाळीस जणांना फोन करून झाले, तुम्ही तेवढे फोन उचलत नाही. आणि साहेब काय म्हणतात? 'वरून हॉस्पिटलची तपासणी होईपर्यंत कागदावर शून्यच राहू दे, मी चारला येतो.' पावणेचार झालेत. राहू दे म्हणे! तारखेची चिठ्ठी एकदा तुमच्या हातात गेली की काय काढून घेणार आहेत?

आं? क्वेरी सापडली नाही तर शून्य छाप, हे प्रोग्रामला कुणी शिकवलं? वा — नेमका तोच प्रश्न काढलात, आजोबा. त्याचं असं — पडद्यावर लाल अक्षरं आली की साहेब ओरडायचे, 'पदवी नसली की असंच होतं', सगळ्यांसमोर. माझा पहिलाच महिना. म्हणून मग कुणीतरी — कुणीतरी कशाला, मीच. चूक आली तर गप्प बस, शून्य दे. मीच लिहिलं ते. झालं समाधान?

उजव्या डोळ्याने तीन महिन्यांपूर्वी थोडं दिसत होतं ना तुम्हाला? …नका सांगू. आली चिठ्ठी. मंगळवार, सकाळी आठ, उपाशीपोटी. घडी घालू नका, शाई ओली आहे. मागच्या जिन्याने जा, पुढून साहेब येतायत, बूट ओळखते मी त्यांचे. आभार कसले मानताय? कठडा धरा. अहो, जा म्हटलं ना.